उखळीचा सांधा

दर नोव्हेंबरात, तळी गोठायच्या आठवड्यात,
मी ताउनो हेइकुराला फोन लावते.
कूह्मोच्या पुढे अठरा किलोमीटर, जंगलातलं घर.
बारा वेळा रिंग जाऊ द्यायची असते.
तो काठी शोधतो, मग काठी न घेताच येतो,
आणि म्हणतो, "अजून बसलेली आहे."
वाटी. नमस्कार नाही, हवापाणी नाही.

चौऱ्याऐंशी साली साखळी तुटली,
ट्रकवरचा ओंडका सुटला
आणि त्याच्या मांडीचं हाड मुसळासारखं
आपल्याच उखळीत आरपार घुसलं.
उखळीचे पाच तुकडे.
ओउलूत ते पट्ट्या नि स्क्रू लावून जुळवले,
पाहुणे दारात असताना
फुटकी बशी जुळवावी तसे.

तेरा वर्षं त्यावर लंगडला. हाडावर हाड आलं.
मग धातूची वाटी, प्लास्टिकचं अस्तर, चिनीमातीचा गोळा.
आदल्या दिवशी डॉक्टर रौहाला म्हणाल्या होत्या:
ज्यांची उखळी शाबूत, त्यांना मी वर्षं सांगते.
तुमच्यात हाड कमी, व्रण जास्त,
जुने स्क्रू कुठे रुतलेत ते आत गेल्यावरच कळेल.
तुम्हाला वर्षं नाही सांगणार.
मग काय सांगाल?
शिडीवर चढू नका.
तो चढला. छपरावरचा बर्फ कोण काढणार?

पहिली वाटी नऊ वर्षांत सैल झाली.
काढलेली त्याने मागून घेतली
आणि ओसरीच्या वाशाला ठोकली,
खार पोचणार नाही इतकी उंच.
स्क्रूची भोकं तयारच होती.
तिच्यात सूर्यफुलाच्या बिया घालतो,
मुठीएवढे पिवळे पक्षी येतात.
"इथे घट्ट बसली बघा. लिहून घ्या."
मी लिहिलं नाही. तसा रकाना नाही.

रकाने असे: दुखतं का? किती मीटर?
जिना कठडा धरून, की न धरता?
मोजे स्वतः घालता येतात का?

मोज्यांपाशी तो अडायचा.
"ऐली घालते."
मी लिहायचे: मदतीने. दोन गुण.
अकरा वर्षं दोन गुण.
मागून ऐलीचा आवाज यायचा,
सांग तिला, तुझा डावा पायच जास्त थंड असतो.

मागच्या वर्षी म्हणाला, "मी घालतो."
सहज?
"पलंगावर बसतो. मोजा जमिनीवर पसरतो.
चुलीतल्या चिमट्याने त्याचं तोंड उघडतो.
सतरा मिनिटं लागतात. पण घालतो."
मागून कुणी काही बोललं नाही.
मी थांबले. त्यानेही फोन ठेवला नाही.
तारेत नुसता बर्फ पडत राहिला.
मग मी लिहिलं: स्वतः. चार गुण.
संगणकाने त्याच्या नावापुढे हिरवा बाण काढला:
सुधारणा.

आमच्या भिंतीवर एक आलेख आहे.
वरची रेघ शाबूत उखळ्यांची, खालची फुटक्यांची.
कुणाची वाटी निसटली की रेघ एक पायरी उतरते.
कुणी वाटीसकट गेलं तर उतरत नाही,
तिथे नुसती एक बारीक उभी खूण.
नव्या मुलाने विचारलं, ही खूण चांगली की वाईट?
मी म्हटलं, कॉफी घे.

यंदा चौदा वेळा रिंग गेली.
खालच्या रेघेवरून मी बोट फिरवत होते,
सतराव्या वर्षापाशी,
जिथे फारसं कुणी उरलेलं नाही.
पंधराव्याला त्याने उचलला, धापा टाकत.
"बिया घालत होतो."
"शिडीवर?"
हा प्रश्न अर्जात नाही.
तो हसला की खोकला, मला कळलं नाही.